शिडाला पोट असतं

लक्ष्मीपुरीत आमचं ताडपत्रीचं दुकान.
उसाच्या ट्रॉल्या, गुळाचे रवे, मांडव, टेम्पो,
जे भिजू नये ते झाकायचं,
एवढंच कापडाकडून मागत आले मी बावीस वर्षं.

भरतेशचा फोन आला रात्री दोनला.
त्याच्याकडे ऊन होतं.
म्हणाला, त्रिशलाक्का, शीड शिवशील?
म्हटलं, शिवीन की. मापं टाक.

मापं आली मिलिमीटरात. मी ती हातात, वितीत करून घेतली.
तीन कोन, पण एकही कड सरळ नाही.
हे असं वाकडं का रे?
म्हणाला, शिडाला पोट असतं अक्का,
सरळ शिवलंस तर वारा निसटून जाईल.
मी घडीभर मशीनवर नुसतीच बसून राहिले.
वारा आत घ्यायचाही असतो
हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

दुकानात मावेना.
उपाध्यांच्या कार्यालयात लग्न उरकलं त्या दुपारी
फरशीवर पसरलं, खडूनं आखलं.
झाडलोट व्हायची होती अजून.
तिसऱ्या पट्टीला पांढरा दोरा संपला,
सोमवार, बाजार बंद,
मग दीड हात निळ्यानंच शिवलं.

शिरोलीच्या फाउंड्रीतनं गेलेलं पोरगं.
पोहायला शिकलं ते रंकाळ्यात, संध्यामठाच्या अंगाला.
आता अठरा फुटी होडीत एकटंच
नॉर्वेच्या पार वरच्या टोकाला
बेटांच्या फटींतनं जातं,
ज्यांची नावं त्यालाही नीट घेता येत नाहीत.
पाणी म्हणे इतकं काळं, इतकं गप्प,
की डोंगर त्यात उलटे उभे राहतात.
किनाऱ्याला माणूस नाही,
लाकडी मांडवांवर टांगलेले मासे वाळतायत
मैलभर.
हे आईला सांगत नाही आम्ही.

आईचा प्रश्न वेगळाच.
तिथं सूर्य मावळतच नाही म्हणतोस,
मग जेवण थांबवतोस कधी?
आणि थंडीत उगवतच नाही,
तेव्हा खातोस कधी?
तो हसला नाही.
म्हणाला, घड्याळ कोल्हापूरचं लावलंय आई,
तू भांडी घासायला काढलीस की मी हात धुतो.
खरं की खोटं,
आईनं पुढं विचारलं नाही.

फोटो आला. घरचे सगळे बर्फ बघत होते.
मी दोन बोटांनी मोठं करत करत
निळा दोरा शोधला.
होता. ताणलेला. पोट भरलेलं.
खाली त्यानं लिहिलं होतं,
दुमडीत एक अक्षतेचा तांदूळ शिवला गेलाय,
बोटाला लागतो. काढत नाही.

मग अकरा दिवस काहीच नाही.
परवा फोन.
दोन खडकांमधनं ओहोटीच्या तोंडावर निघाला होता,
वारा डोंगरावरनं एकदम खाली कोसळला.
पुढचं त्यानं थोडंच सांगितलं.
शीड फाटलं अक्का.
मी विचारलं, कुठं, शिवणीला?
आणि मग लाज वाटली.
तू कसा आहेस, हे आधी विचारायचं असतं.
तो म्हणाला, कापड फाटत आलं
आणि तुझ्या निळ्या दोऱ्याशी थांबलं.
मी बराच वेळ बोलले नाही.
तिकडनं पाण्याचा आवाज येत होता,
किंवा फोनचाच असेल.

आज ठिगळ कापलं. दोन हात बाय एक.
पोस्टात जायच्या आधी रंकाळ्यावर नेलं, उगाच.
कठड्याशी उभी राहून दोन टोकं धरली.
भेळेच्या गाड्यांवरनं येणारा वारा, तो केवढा,
ठिगळाला पोट कुठलं,
तरी एकदा फुगलं.
फिरायला आलेली दोन माणसं थांबून बघत होती.
मी घडी घातली.

पोस्टातला कारकून म्हणाला, आत काय?
ठिगळ.
कशाचं?
मी सांगायला लागले, पण मागं रांग होती.
त्यानं लिहिलं, कापड, नग एक,
आणि किमतीचा रकाना
माझ्यापुढं सरकवला.